कमलताईंचा पाव्हणा

निवेदनकर्ता: गजानन पांडुरंग ठोंबरे, व्यवसाय अर्जलेखन, राहणार भिवंडी.

जिच्याविषयी निवेदन: श्रीमती कमल भिकाजी साळवे, पूर्वी कांडीवाली, नंतर व्हिडिओ गेमचे दुकान, राहणार कचेरीमागची गल्ली, भिवंडी.

घटनेचा दिनांक: साल नव्वदच्या आगेमागे. महिना स्मरत नाही. वार शुक्रवार होता, हे मात्र शपथेवर सांगण्यास तयार आहे.

साक्षीदार: (१) मुनव्वर, विणकर. (२) बाळाराम म्हात्रे, विणकर, मुक्काम पूर्णा. (३) करंदीकर मास्तर, निवृत्त शिक्षक. हेच मूळ तक्रारदारही आहेत. (४) भिकाजी साळवे, म्हणजे बाईंचे यजमान. तथापि ते घटनेच्या बहुतेक वेळी झोपलेले व ऐन वेळी अर्धवट जागे असल्याने त्यांची साक्ष कितपत ग्राह्य धरावी, हे वाचकांनी ठरवावे.

तपशील प्रथम व हकिकत नंतर, ही माझ्या व्यवसायाची रीत आहे. कचेरीच्या भिंतीला लागून टेबल टाकून मी आयुष्यभर लोकांची गाऱ्हाणी कागदावर उतरवली. त्यात भाऊबंदकी आली, रेशनकार्डे आली, नळाची भांडणे आली. परंतु ज्या माणसाने माझ्याकडून कधीही स्वतःहून एक ओळसुद्धा लिहून घेतली नाही, त्याच माणसाबद्दल लिहावे असे फार दिवसांपासून मनात होते. ते माणूस म्हणजे कमलताई.

कमलताई मूळच्या कांडीवाल्या. ज्यांना पॉवरलूम ठाऊक नाही त्यांच्यासाठी खुलासा करतो. लूममध्ये जो धोटा इकडून तिकडे धावतो, त्याच्या पोटात सुताने भरलेली एक नळी बसवलेली असते. तिला कांडी म्हणतात. त्या कांड्या यंत्रावर भरून विणकरांना पुरवणे हे बायकांचे काम. कमलताईंनी ते लग्नाआधीपासून केले. त्यामुळे त्यांच्या अंगी दोन गोष्टी कायमच्या राहिल्या. एक म्हणजे आवाज. लूमच्या खडखडाटात जन्म गेल्याने त्या साधे "चहा घ्या" म्हणाल्या तरी ऐकणारा दचकून उभा राहत असे. दुसरी गोष्ट म्हणजे खोकला. कापसाचा बारीक भुसा छातीत बसला होता. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितले की कांडी सोडा, नाहीतर छाती सोडून द्या. त्यांनी कांडी सोडली, आणि मग घरी बसून करायचे काय, हा प्रश्न उभा राहिला.

त्याचे उत्तर समुद्रमार्गे आले. त्यांचा मावसभाऊ जहाजावर खलाशी होता. त्याने कुठल्याशा दूरच्या बंदरातून भाचीसाठी, म्हणजे कमलताईंच्या रंजूसाठी, एक खेळाचे यंत्र आणले. त्या काळी भिवंडीत व्हिडिओ गेमची एकदोन दुकाने निघाली होती, पण त्यांच्यातले यंत्र वेगळे आणि हे वेगळे. याचे नाव कोणालाच वाचता येत नव्हते. बाजारातली एकही कॅसेट त्यात बसत नव्हती. पिना दोन आणि चपट्या, त्या आपल्या बोर्डात जात नव्हत्या. शिवाय आपला करंट त्याला जड पडेल असे खलाशाने बजावले होते. कारखान्यातल्या वायरमनने जुन्या सामानातून एक ट्रान्सफॉर्मर बांधून दिला. तो विटेएवढा होता आणि चुलीसारखा तापत असे. कमलताई त्यावर रंजूचे ओले मोजे वाळवीत.

यंत्रासोबत कॅसेट एकच आली होती आणि शेवटपर्यंत एकच राहिली. त्यात रुंद टोपीचा, गळ्याला रुमाल बांधलेला, बुटाला चांदणीसारखी चक्रे लावलेला एक घोडेस्वार असे. चित्र व्यंगचित्राच्या धर्तीचे होते, म्हणजे माणसाचे डोके धडापेक्षा मोठे आणि घोडा माणसाइतका हसरा. तो उजाड माळरानातून पळे, निवडुंगावरून उड्या मारी, दोरीचा फासा टाकून कड्यावर चढे, धावत्या आगगाडीच्या टपावरून दरोडेखोरांना खाली लोटी. अमेरिकेत पूर्वी असे गुराखी असत, असे करंदीकर मास्तरांनी पुढे सांगितले. कमलताईंनी मात्र त्याला पहिल्या दिवशीच नाव दिले, ते म्हणजे पाव्हणा.

"पाव्हणा न्हाय तर काय," त्या म्हणत. "धुळीतनं येतो, टोपी काढत न्हाय, बूट काढत न्हाय, पानी मागत न्हाय. आपल्या कामाला येतो नि जातो."

वाऱ्यावर गडगडत येणारे काटेरी झुडूप त्यांना कारखान्याच्या कोपऱ्यात साठणारा भुशाचा गोळा वाटे. त्याला त्या गोळाच म्हणत. शेवटचा मोठ्या मिशांचा ढेरपोट्या दरोडेखोर म्हणजे मुकादम. अशा रीतीने महिन्याभरात ते परके माळरान आमच्या गल्लीतले होऊन गेले.

घराच्या पुढच्या खोलीत त्यांनी पैसे घेऊन खेळू देण्याचे दुकान मांडले: टीव्ही, त्यावर क्रोशाचा रुमाल, समोर सतरंजी, आणि मागे पडदा. पडद्यामागे यजमान भिकाजी. ते रातपाळीचे विणकर, त्यामुळे दिवसा झोपत. त्यांना शांततेत झोप लागत नसे. खेळातल्या बंदुका, घोड्याच्या टापा आणि कमलताईंचा आवाज हे सारे चालू असले की ते गाढ घोरत. लाईट गेली व सगळे थांबले की ताडकन उठून "काय झालं" म्हणून बाहेर येत. अशा झोपेचा माणूस मी दुसरा पाहिलेला नाही.

यंत्र परक्या पद्धतीचे असल्याने आपल्या टीव्हीवर त्याचे रंग उमटत नव्हते. चित्र काळेपांढरे दिसे. यावरून एकदा मोठा वाद झाला. मुनव्वरचे म्हणणे, पाव्हण्याचा रुमाल लाल आहे. म्हात्र्यांचा बाळाराम म्हणाला की निळा. मुनव्वर म्हणाला, "अरे, लाल के बिना हीरो होता है क्या?" बाळारामाने त्यावर त्याच्या गावाच्या हिरोंचा असा काही उद्धार केला की दोघे उभे राहिले. मला मध्यस्थीस बोलावण्यात आले. मी पुराव्याअभावी निर्णय राखून ठेवणार, एवढ्यात कमलताईंनी निकाल दिला: "ज्याची पाळी, त्याचा रंग. हातात रिमोट हाय तवर लाल म्हणा नि पिवळा म्हणा. खाली ठेवला की तुमचा रुमाल संपला." त्या दिवसापासून तो नियम झाला. खेळायला बसणारा आधी रंग जाहीर करी, आणि तेवढा वेळ बाकीच्यांनी तो रंग मानायचा. कोर्टात निम्म्या दाव्यांचे असे निकाल लागते तर माझे टेबल केव्हाच उठले असते.

त्यांचे गिऱ्हाईक म्हणजे बहुतांशी विणकर. दुसऱ्या दुकानांत पोरे जात. इथे पाळी संपवून, अंगावर कापूस घेऊन, बापई माणसे येत. आणि इथली खेळण्याची तऱ्हा निराळी होती. त्या यंत्रात खेळ जपून ठेवण्याची सोय नव्हती. लाईट गेली की पाव्हणा पुन्हा पहिल्या निवडुंगापाशी. आणि एका माणसाला सलग इतका वेळ बसणे शक्य नव्हते, कारण ड्युटी असे. तेव्हा कमलताईंनी कारखान्याची रीत लावली. कारखान्यात पाळी बदलते तेव्हा लूम बंद करीत नाहीत. जाणारा विणकर चालता लूम येणाऱ्याच्या ताब्यात देतो. तसाच इथे चालता रिमोट हातातून हातात जाई. पाव्हणा उडीच्या मध्यावर असला तरी देणाऱ्याने "घे" म्हणायचे आणि घेणाऱ्याने त्याला पल्याड उतरवायचे. आपल्या पाळीत मारलेला पाव्हणा दुसऱ्याच्या गळ्यात घालणे हा तिथे सर्वांत मोठा गुन्हा होता.

कमलताई स्वतः फार खेळत नसत. कडेला पाटावर बसून त्या सांगत असत. बाहेरच्या माणसाला वाटे, भांडण चालले आहे. "अरं पाय उचल, पाय. खड्डा हाय. आंधळा हायस का अंबाडीचा एसटीवाला?" कोणी वारंवार मेला तर म्हणत, "सूत तुटलं तर जोडायचं. रडायला मालक पगार देत न्हाय." मोठा विणकर असो वा हेल्पर, सगळ्यांना हाच आवाज. मला मात्र त्या "भाऊ" म्हणत आणि आवाज किंचित खाली आणीत. माझ्या व्यवसायाविषयी त्यांना आदर होता, की माझ्या कानांची दया येत होती, हे मी विचारले नाही.

एवढे सगळे सुरळीत असताना तक्रार झाली.

करंदीकर मास्तर भिंतीला भिंत लावून राहत. सज्जन मनुष्य. दुपारी थोडी डुलकी घेण्याची त्यांची सवय, आणि पलीकडून सारखा गोळीबार. त्यांनी दोनदा समजावून पाहिले. कमलताईंनी दोन्ही वेळा आवाज कमी केला, आणि दोन्ही वेळा भिकाजी उठून बसले. अखेर मास्तर कचेरीसमोर आले. दुर्दैवाने त्या दिवशी मी वाडा गावी गेलेलो होतो. मास्तर माझ्या शेजारच्या टेबलावरील अर्जनवीसाकडे गेले. त्या गृहस्थांविषयी मी वाईट बोलणार नाही; एवढेच नमूद करतो की त्यांच्याजवळ सर्व रोगांवर एकच औषध असे. त्यांनी विचार केला की भिवंडीत आवाजाची तक्रार घेणार कोण? इथे गावभर लूम. आवाजावर अर्ज दिला तर चौकीतले लोक हसतील. म्हणून त्यांनी आपला नेहमीचा साचा काढला, आणि लिहिले की सदर ठिकाणी उक्त महिला जुगाराचा अड्डा चालवीत असून कष्टकरी वर्ग देशोधडीला लागत आहे. मास्तरांनी चष्मा घरी विसरल्याने न वाचता सही केली.

अर्ज चौकीत गेला आणि जमादारसाहेब आले. हे घाटावरचे, उंच, मिशाळ गृहस्थ. मला रंजू बोलवायला आली, म्हणून मी हजर होतो. साहेबांनी कागद मोठ्याने वाचला. कमलताईंना मी त्या दिवशी प्रथमच गप्प पाहिले. जुगार म्हणजे त्यांच्या लेखी काय होते, हे सांगणे आवश्यक आहे. त्यांच्या वडिलांनी गावाकडे बुद्धविहारासाठी आपल्या हातांनी विटा वाहिल्या होत्या. त्या घरात पत्त्याचे पानसुद्धा येत नसे. आणि दुकान बंद पडले तर पुढे काय, तेही सर्वांना माहीत होते: पुन्हा कांडी, पुन्हा भुसा, आणि ती छाती.

जमादारसाहेब माणूस वाईट नव्हते. त्यांनी टीव्हीकडे पाहिले, यंत्राकडे पाहिले, बसलेल्यांकडे पाहिले. मग त्यांनी आपला कायदा सांगितला. तो कोणत्या कलमात आहे ते मला आजतागायत सापडलेले नाही, पण त्यात अर्थ होता. ते म्हणाले, आकडा लावणारा लावतच राहतो, त्याला शेवट नसतो. खेळ असेल तर तो कुठेतरी संपतो, आणि ज्याला येतो तो जिंकतो.

"तुमच्या ह्याला शेवट आहे का, बाई?"

"हाय," कमलताई म्हणाल्या.

"दाखवाल?"

"शुक्रवारी या."

साहेबांनी सांगितले की शुक्रवारी शेवट दिसला तर ठीक. न दिसल्यास पंचनामा करून टीव्ही व यंत्र चौकीत जमा होईल आणि दुकानाला कुलूप लागेल. ते गेल्यावर मी विचारले की ताई, शेवट तुम्ही पाहिला आहे काय. त्या म्हणाल्या, न्हाय. कोणीच पाहिलेला नव्हता. मजल मुकादमापर्यंत अनेकदा गेली होती, पण त्याच्यापुढे कोणी टिकले नव्हते.

"मग हो कसं म्हणालात?"

"भाऊ, तागा कितीबी लांब असू दे, कुठं तरी कापतातच की. बनवणारा बी माणूसच असंल. त्यालाबी घरी जायाचं असंल."

शुक्रवारच का, हेही सांगतो. शुक्रवारी भिवंडीचे लूम बंद. इतर दिवशी सगळे लूम सुरू असले की करंट इतका खाली येई की टीव्हीवरचे चित्र चारी बाजूंनी आक्रसे आणि पाव्हणा बुटका होई. शुक्रवारी करंट दमदार. शिवाय विणकर मोकळे.

त्या शुक्रवारी दुपारी मुनव्वर नमाज पढून सरळ आला. बाळाराम पूर्ण्याहून आला, फडक्यात तांदळाची भाकरी बांधून, कारण किती वेळ लागेल याचा भरवसा नव्हता. जमादारसाहेबांसाठी खुर्ची मांडली. करंदीकर मास्तरांना तक्रारदार म्हणून बोलावण्यात आले होते. अर्ज त्यांच्यासमोर पुन्हा वाचला गेला. ते म्हणाले, मी आवाजाबद्दल लिहायला सांगितले होते, जुगार हा शब्द माझा नव्हे.

"सही तुमचीच ना, मास्तर?" साहेबांनी विचारले.

"सही माझी आहे."

"मग शब्द पण तुमचाच."

मास्तर सतरंजीच्या टोकावर बसले, आणि त्या क्षणापासून त्यांच्याइतका पाव्हण्याचा हितचिंतक त्या खोलीत दुसरा नव्हता.

मुनव्वरने सुरुवात केली. रुमाल लाल जाहीर झाला. माळरान, कडा, दोरीचा पूल हे सारे त्याने असे पार केले की साहेब खुर्चीवर पुढे सरकले. पुलाच्या मध्यावर त्याने "ले" म्हटले, आणि बाळारामाने निळा रुमाल करून पाव्हण्याला पल्याड उतरवले. आगगाडी झाली. खाण झाली. मध्ये एकदा भाकरी फिरली, साहेबांनीही घेतली. मास्तर प्रत्येक उडीला मांडीवर थाप मारीत होते आणि नंतर साहेबांकडे पाहत होते. अखेर पाव्हणा त्या ओसाड गावात आला, जिथे दोन्ही बाजूंना लाकडी घरे आणि रस्त्याच्या टोकाला मुकादम.

इथे एक अडचण उभी राहिली. मुकादमाच्या मिशा. त्या थेट जमादारसाहेबांसारख्या होत्या. हे सर्वांच्या एकाच वेळी लक्षात आले, आणि खोलीत प्रत्येकजण निराळ्या दिशेला पाहू लागला. साहेबांनी काही वेळ पडदा निरखला आणि म्हणाले, "हा इसम पाहिल्यासारखा वाटतो." मास्तरांना ठसका लागला.

त्या शेवटच्या लढतीत पळणे नव्हते, उडी नव्हती. दोघे समोरासमोर उभे राहत. संगीत थांबे. पुढे काय करायचे ते कोणाला कळत नसे. बाळारामाने बटण दाबले, तर मुकादमाने पाव्हण्याला टोपीसकट आडवा केला. मुनव्वरने त्याहून लवकर दाबले, तोही आडवा. जितकी घाई, तितका लवकर मृत्यू. विणकराचा हात, तो थांबणार कसा? लूमवर थांबलेला हात म्हणजे बिघडलेले कापड. पाव्हण्याची एकच जान, म्हणजे मरण्याची एकच संधी, शिल्लक राहिली. बाळाराम रिमोट खाली ठेवून हात पुसू लागला.

कमलताई पाटावरून उठल्या. सतरंजीवर बसल्या. रिमोट जमिनीवर ठेवला आणि दोन्ही हात मांडीत घेतले.

मुनव्वर म्हणाला, "चाची, हाथ तो लगाओ."

"कांडी भरेपर्यंत हात लावत न्हाईत," त्या म्हणाल्या. आणि त्यांचा आवाज, आमच्यापैकी कोणी कधी ऐकला नव्हता इतका, हळू होता. "लावला की सूत तुटतं. ती भरली की आपल्याला दिसती."

पाव्हणा आणि मुकादम समोरासमोर उभे होते. गोळा गडगडत मधून गेला. संगीत थांबले. बंदुका थांबल्या, टापा थांबल्या. दुकानात पूर्ण शांतता झाली, आणि त्याबरोबर मागचा पडदा बाजूला सारून भिकाजी बाहेर आले व गरजले, "लाईट गेली काय?"

आम्ही सगळे दचकलो. साहेबांची टोपी पडली. कमलताईंचा हात मांडीतून हलला नाही. पडद्यावर मुकादमाच्या मिशीचे एक टोक किंचित वर उचलले गेले, ते मला दिसले नाही, साहेबांना दिसले नाही, कमलताईंना दिसले. हात गेला आणि परत आला. मुकादमाची विजार घोट्यापर्यंत खाली आली आणि तो मागच्या हौदात पडला.

जो गलका झाला, तो लिहिण्यास माझी भाषा अपुरी आहे. मास्तरांनी मुनव्वरला मिठी मारली. भिकाजी झोप पुरी झाल्यासारखे हसत होते, पण कशासाठी ते त्यांना ठाऊक नव्हते. पडद्यावर पाव्हणा हसऱ्या घोड्यावर बसून मावळतीकडे निघाला, आणि वर दोन ओळी अक्षरे उमटली. जमादारसाहेबांनी माझ्याकडे पाहिले व काय लिहिले आहे ते वाचण्यास सांगितले. मी जवळ जाऊन पाहणी केली व निवेदन केले की लिपी परकीय आहे, परंतु मजकुराचा थाट शेवटाचा आहे. हे माझे मत मी आजही कायम ठेवतो.

एवढ्यात पडदा काळा झाला. मग पुन्हा उजळला. पाव्हणा पहिल्या माळरानात, पहिल्या निवडुंगापाशी उभा होता.

साहेबांचा चेहरा बदलला. "हे तर परत सुरू झालं, बाई. मग शेवट कुठे आहे?"

माझ्या मनात तीनचार मुद्दे आले, पण ते लेखी स्वरूपाचे होते. कमलताईंनी मान वळवून साहेबांकडे पाहिले. त्यांचा आवाज मूळ पदावर आला होता.

"सायेब, शिफ्ट संपली, दुसरी लागली. तुमची ड्युटी संपली म्हंजे चौकीला टाळं लावता व्हय?"

साहेबांच्या मिशीतून हसू फुटले. त्यांनी पडलेली टोपी उचलून गुडघ्यावर ठेवली, हात पुढे केला आणि रिमोट मागितला. कमलताईंनी रंग विचारला. साहेब म्हणाले, खाकी. साहेबांचा खाकी रुमालाचा पाव्हणा पहिल्याच निवडुंगावर मेला. दुसऱ्यांदाही तिथेच मेला. त्यांनी रिमोट खाली ठेवला आणि उठत म्हणाले, "यात नशीब नाही. हात लागतो." अर्ज घडी करून त्यांनी खिशात घातला. मी दारापर्यंत जाऊन विनंती केली की साहेब, तसा लेखी शेरा मिळावा. ते म्हणाले, बघू.

दुकान पुढे काही वर्षे उत्तम चालले. करंदीकर मास्तर आपली डुलकी सकाळी घेऊ लागले आणि दुपारी पिवळ्या रुमालाने खेळू लागले. पुढे घरोघरी स्वस्तातली यंत्रे आली, रंगीत चित्रे आली. एके दिवशी ते तापट ट्रान्सफॉर्मरचे यंत्र कायमचे बंद पडले. आत कापूस गेला होता, असे वायरमनने सांगितले. कमलताई म्हणाल्या, "बघा, त्यालाबी छातीचाच आजार." आणि दुसऱ्या दिवसापासून त्याच खोलीत त्यांनी मसाले कांडून विकायला सुरुवात केली.

त्यांना शेवटचे पाहिले ते अंबाडीच्या नाक्यावर. मी वाड्याचे एक जमिनीचे काम आटोपून परतत होतो. त्या बहिणीकडे जायला एसटीची वाट पाहत होत्या. केस पांढरे झाले होते, पण मला पाहून त्यांनी "भाऊ" अशी हाक मारली तेव्हा फळवाल्यासकट सारा नाका वळला. बातमी मोठी होती. रंजू पोलिसात भरती झाली होती. गोळाफेकीत पहिली आली, धावण्यात तिसरी. आता तिला क्वार्टर मिळणार आणि हे दोघे तिच्याकडे राहायला जाणार. भिकाजींना तिथल्या शांततेत झोप कशी लागणार, एवढीच चिंता, असे म्हणून त्या हसल्या.

मग एसटी येताना दिसली, आणि त्यांनी पिशवी उचलता उचलता विचारले, "भाऊ, ते जुगाराचं कागद फाडलं व्हतं का त्यांनी?"

मी म्हणालो की ताई, प्रकरण निकाली निघाले.

"निकाली म्हंजे फाडलं?"

"फाडत नाहीत. शेरा मारून ठेवून देतात."

"मग शेरा काय मारलाय?"

मला ठाऊक नव्हते. तसे मी सांगितले. त्यांनी पिशवी खांद्याला अडकवली. "पोरगी आता त्यांच्यातलीच झाली. उद्या तिच्या सायबाच्या हाताला ते लागलं तर तिला खाली बघाया नको. जास्ती काय न्हाय, भाऊ. खेळ व्हता, एवढं लिवलं असलं तरी बास."

एसटी थांबली. त्या चढल्या, खिडकीशी बसल्या, आणि गाडी वाड्याच्या वळणाला जाईपर्यंत कंडक्टरशी सुट्ट्या पैशांवरून चाललेला त्यांचा वाद मला नाक्यावर स्पष्ट ऐकू येत होता.

सबब, ज्या कोणा अधिकाऱ्यांच्या ताब्यात सदर जुना अर्ज असेल, त्यांना नम्र विनंती की त्यावर पुढील मजकुराचा शेरा मारावा: "समक्ष पाहणी केली. तो खेळ होता." सदर शेऱ्याची एक नक्कल श्रीमती कमल भिकाजी साळवे यांना मिळावी. त्यांनी अर्ज केलेला नाही. त्या करणारही नाहीत. म्हणून तो मी करीत आहे, आणि उत्तर येईपर्यंत रोजच्या जागी, रोजच्या वेळी, टेबलावर हजर राहीन.

कळावे,
गजानन पांडुरंग ठोंबरे